प्रयोगशाळेतला प्रोब उद्यमबागेपर्यंत कसा न्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकांनी पीएचडीच्या कामातून एक प्रोब (वाळूत बसवायचा सेन्सर) तयार केला आहे. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात, साचे ज्या ओल्या, मातीमिश्रित वाळूचे (ग्रीन सँडचे) करतात, तिच्यातली ओल तो मिक्सर चालू असतानाच मोजतो. सोबत खानापूर तालुक्यातला एक अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. पुढच्या महिन्यात एका परिषदेत पेपर वाचायचा आहे. त्या विचारतात: कंपनी लगेच नोंदवू का? पेटंट माझं की कॉलेजचं? पैसा कुठून उभा करायचा? आणि यासाठी बेंगळुरूला जावंच लागेल का?

मॅडम, सगळ्यात आधी सांगतो, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी पंधरा वर्षं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या शॉपमध्ये गेली आणि नंतरची बारा इनक्युबेशनच्या, म्हणजे नव्या कंपन्या उभ्या करायला मदत करायच्या, कामात. आपल्याकडे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून आहे. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर पाच मिनिटांवर ज्या भट्ट्या पेटतात, त्यांच्या दुखण्यावर झालेलं संशोधन मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं. तुमचं काम त्यातलं आहे. म्हणून सविस्तर लिहितो आणि तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलतो. कंपनी तुम्ही पहिल्या नंबरावर ठेवली आहे. माझ्या हिशेबात ती चौथ्या नंबरावर येते.

पेपर वाचण्याआधी अर्ज

आज, या आठवड्यात करायचं काम हे आहे. परिषदेआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. भारतीय पेटंट कायद्यात कलम ३१ खाली बारा महिन्यांची थोडी सवलत आहे: संशोधकाने स्वतः विद्वत्सभेत वाचलेला पेपर त्या मुदतीत आड येत नाही. पण तुमची परिषद 'विद्वत्सभा' ठरते का, यावर वाद होऊ शकतो, आणि बऱ्याच परदेशांत ही सवलत चालतच नाही. प्रोव्हिजनल अर्जाला पूर्ण दावे (नेमका कशावर हक्क सांगतोय ती कलमं) लागत नाहीत. यंत्र कसं चालतं, त्यात नवं काय, आकृत्या आणि शक्य ते सगळे पर्याय एवढं नीट लिहिलं की तारीख तुमची झाली. मग पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षणसंस्थांनाही फीमध्ये ८० टक्के सूट आहे, त्यामुळे ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपयांपासून सुरू होते. वकिलाची फी वेगळी. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. सगळं ऑनलाइन आहे, जायची गरज नाही.

याबद्दल इतका आग्रह धरायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्राध्यापक आले होते. काम उत्तम होतं. एक कारखाना परवाना घ्यायला तयारही होता. शोध घेतला तर त्यांचा प्रबंध दोन वर्षांपासून शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर, पूर्ण उघडा होता, आकृत्यांसकट. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंध तिथे जातोच, त्यात कुणाची चूक नव्हती. पण पेटंटला लागणारा नवेपणा तिथेच संपला होता. कारखान्याच्या मालकांनी प्रबंध उतरवून घेतला आणि यंत्र स्वतः बनवलं. त्यांनाही दोष देता येत नाही. मला तो दिवस अजून सलतो, कारण प्राध्यापकांना हे आधी सांगणारं आसपास कुणी नव्हतं. तुमचा प्रबंध जमा व्हायचा असेल तर अर्जाची तारीख त्याच्या आधीची हवी.

आणखी दोन गोष्टी याच ठिकाणी. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे प्रोबचं वाचन खऱ्या ओलीशी जुळवायला, मशीन लर्निंग वापरलं आहे, असं तुम्ही लिहिता. नुसत्या अल्गोरिदमला कलम ३(के) खाली पेटंट मिळत नाही. म्हणून दावा प्रोब, त्याची बसवणूक, तापमानाची दुरुस्ती आणि पाण्याच्या व्हॉल्व्हला जाणारा सिग्नल अशा संपूर्ण यंत्रणेचा मांडा. आणि विद्यार्थ्याचं नाव. सर्किटला सोल्डर लावणारा मुलगा संशोधक ठरत नाही. पण प्रोबवर चिकटणारा बेंटोनाइटचा (वाळू धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचा) लेप खरवडणारी पात्याची युक्ती त्याने सुचवली, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग तो खरा संशोधक आहे आणि त्याचं नाव अर्जात तुमच्या शेजारी असलंच पाहिजे. हे उदारपणाचं काम नाही. खरा संशोधक वगळलेला अर्ज पुढे त्याच कारणावरून आव्हानात येऊ शकतो.

आता फौंड्री

अर्जाचा नंबर हातात आला की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कागदांकडे न वळता उद्यमबागेत किंवा मच्छेत एक फौंड्री गाठा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण संशोधनाची कंपनी होते की नाही ते इथे ठरतं.

दहाएक वर्षांपूर्वी असंच एक ओल मोजणारं यंत्र घेऊन आम्ही एका फौंड्रीत गेलो होतो. सँड प्लांटवर, म्हणजे वाळू कालवायच्या जागी, एक मामा होते, तीस वर्षं मोल्डरचं (साचे बनवायचं) काम केलेले. त्यांनी मिक्सरखालून मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मग तो गोळा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडला. कडा धारदार राहिल्या, भुगा झाला नाही, तळहाताला काही चिकटलं नाही. म्हणाले, "झाली." आमच्या पडद्यावर ३.४ टक्के दिसत होतं. आम्ही खूष. मामांनी पडद्याकडे बघून विचारलं, "आकडा बरोबर आसंल. खरं मला सांगा, पुढच्या घाण्याला पाणी किती घालू?"

आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आम्ही मीटर बनवलं होतं. त्यांना हवा होता पाण्याचा हिशेब. गणित साधं आहे: ५०० किलोच्या घाण्यात ओल २.१ टक्के असेल आणि हवी ३.४, तर साडेसहा लिटर पाणी. पण परत आलेली वाळू नुकतीच कास्टिंगवरून सुटून गरम असते, त्यातलं काही पाणी वाफेने उडतं. म्हणून त्याच आकड्याला सकाळी वेगळं पाणी लागतं आणि दुपारी वेगळं. हे सगळं मामांच्या मुठीत होतं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. शेवटी टक्केवारी बाजूला ठेवून पडद्यावर लिटर दाखवले, तेव्हा कुठे ते यंत्र वापरात आलं.

तुमचा प्रोब प्रयोगशाळेत धुतलेल्या सिलिका वाळूवर तपासला आहे, तोही खोलीच्या तापमानाला. फौंड्रीच्या वाळूत बेंटोनाइट असतं, कोल डस्ट (कोळशाची भुकटी) असते, जळून मेलेली माती असते. कोल डस्टमधल्या कार्बनमुळे कपॅसिटिव्ह (विद्युतभार साठवायच्या क्षमतेवरून ओल ओळखणाऱ्या) सेन्सरचं वाचन सरकतं. बेंटोनाइट प्रोबवर पापुद्र्यासारखं बसतं आणि मग यंत्र वाळूची ओल सोडून त्या पापुद्र्याची ओल मोजत राहतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला वाळू थंड आणि वरून कोरडी, आतून ओली असते. आणि आपला पाऊस! मिरगानंतर नवी वाळू ट्रकमधूनच भिजून येते. म्हणून चाचणी निदान नव्वद दिवसांची करा आणि त्यात पावसाचा एक महिना येईलच असं बघा. उन्हाळ्यात बेळगावात चाललेलं यंत्र पावसाळ्यात चालेल, हे मी मानत नाही.

रोज प्रत्येक पाळीत एक नमुना ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर वाळवा, आधी आणि नंतर वजन करा. हाच खरा आकडा. तो एका वहीत प्रोबच्या आकड्याशेजारी लिहा, खाली त्या पाळीतलं रिजेक्शन (बाद झालेली कास्टिंग), त्यातले ब्लो होल (वायूने पडलेली भोकं) किती आणि सँड ड्रॉप (साच्यातली वाळू पडून झालेले दोष) किती. वही सँड प्लांटवरच्या माणसाच्या हातची असू दे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला येईल तशी. पुढे गुंतवणूकदारासमोर तुमच्या पेपरपेक्षा ही तेलकट डागांची वही जास्त बोलेल.

किंमतही इथेच ठरते. समजा फौंड्री महिन्याला २०० टन कास्टिंग काढते आणि ओलीमुळे होणारं रिजेक्शन एका टक्क्याने उतरलं. म्हणजे दोन टन. धातू पुन्हा भट्टीत जातो, तो वाया जात नाही. वीज, वाळू, मजुरी आणि वेळ मात्र जातो. किलोला २५ रुपये धरले तरी महिन्याला ५० हजार. दोन लाखांचं यंत्र चार महिन्यांत फिटतं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या फौंड्रीचे खरे आकडे मालकांच्या कॉस्टिंगच्या वहीतून काढा. ते वही दाखवायला तयार झाले, तर समजा त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतोय.

आणि चाचणी पूर्ण फुकट करू नका. मालक निदान केबल, बसवणुकीचं फॅब्रिकेशन आणि एका माणसाचा वेळ देतील, असं लिहून घ्या. ज्याने खिशातून पाच हजार घातले तो प्रोब बंद पडला की फोन करतो. ज्याला फुकट मिळाला तो प्रोब काढून कोपऱ्यात ठेवतो.

कॉलेजशी करार

पेटंट कुणाचं, याचं उत्तर तुमच्या नेमणुकीच्या पत्रात आणि कॉलेजच्या आयपी (बौद्धिक संपदा) धोरणात आहे. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशांतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. आपल्याकडे त्या धर्तीचं विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं, पण कायदा झाला नाही. त्यामुळे सगळं धोरणावर आणि करारावर चालतं. तुम्ही कॉलेजची प्रयोगशाळा आणि पगारी वेळ वापरला आहे, तेव्हा अर्जदार म्हणून कॉलेज आणि संशोधक म्हणून तुम्ही दोघं, हीच वाट बहुधा निघेल. त्यात वाईट काही नाही, पुढचा करार नीट झाला तर.

शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं) २०१९ चं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण प्राचार्यांसमोर ठेवा. त्यात प्राध्यापकांना कंपनी काढायला मोकळीक आहे. संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, असं ते सुचवतं. ९.५ ची मर्यादा यासाठी, की कंपनीची कायदेशीर जबाबदारी संस्थेवर येऊ नये. तुम्ही कंपनीत तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कार्यकारी पदावर राहणार असाल, तर रजा घ्यायची. कॉलेजमधलं संशोधन आणि कंपनीचं काम वेगवेगळं दिसलं पाहिजे. तुमच्या कॉलेजने हे धोरण स्वीकारलं आहे का ते पाहा. नसेल तर तुमचंच प्रकरण निमित्त करून स्वीकारायला लावा. मी दोन संस्थांमध्ये हे होताना पाहिलंय, एका प्राध्यापकाच्या चिकाटीने.

पेटंट कॉलेजचं असेल तर ते वापरायचा परवाना तुमच्या कंपनीला लागेल. तो मागताना फौंड्री क्षेत्रापुरता एकमेव परवाना (दुसऱ्या कुणाला न मिळणारा) मागा. सुरुवातीची मोठी रक्कम टाळा, विक्रीवर रॉयल्टी द्या. नव्या यंत्राला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त रॉयल्टी झेपत नाही, हा माझा अनुभव. आणि कंपनीने ठरावीक मुदतीत काही विकलं नाही तर परवाना कॉलेजकडे परत, हे कलम स्वतःहून घाला. तुम्हीच ते सुचवल्यावर व्यवस्थापनाची निम्मी भीती जाते.

कंपनी आणि विद्यार्थी

कंपनीची घाई का नको? नोंदणीच्या दिवसापासून घड्याळं सुरू होतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सीड फंड (स्टार्टअपला सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या) योजनेत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, अशी अट. स्टार्टअप म्हणून मान्यता नोंदणीपासून दहा वर्षांपर्यंत. एकही विक्री झाली नाही तरी दरवर्षी ऑडिट आणि वार्षिक विवरणपत्रं द्यावीच लागतात. उशीर झाला तर एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड. एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेली चार मुलं माझ्याकडे होती. बक्षिसाच्या आनंदात त्यांनी आठवड्यात कंपनी नोंदवली. वर्षभरात दोघं बेंगळुरूला नोकरीला गेले, एक जर्मनीला. यंत्र अजून टेबलावरच होतं. चौथा मुलगा त्यानंतर दोन वर्षं कंपनी बंद करायच्या कागदांमागे फिरत होता, त्याच्या वडिलांची अथणीकडे उसाची शेती, तिथल्या पैशांतून त्याने दंड भरला. ते पैसे प्रोटोटाइपला लागले असते.

म्हणून फौंड्रीतले नव्वद दिवस झाले आणि दुसऱ्या एखाद्या मालकांनी "मला कधी देताय?" असं विचारलं, की नोंदवा. प्रायव्हेट लिमिटेडच करा, एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) शेअर नसतात. आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याशी लिहून ठेवा: शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील, पहिलं वर्ष पूर्ण केल्याशिवाय काही नाही. हेच बंधन तुम्हालाही. त्याला डिसेंबरमध्ये कॅम्पसची नोकरी लागली तर घरचे काय म्हणतील, हे त्याच्याशी आणि त्याच्या आई-वडिलांशी आता बोला. खानापूरला त्यांच्या घरी जा. मुलगा नोकरी सोडून "यंत्र बनवतोय" हे घरी पटवायला तुमची एक भेट आमच्या दहा सेमिनारपेक्षा उपयोगी पडेल.

पैसा, इनक्युबेटर आणि सीमा

इनक्युबेटर म्हणजे वातानुकूलित खोली आणि वायफाय, असा समज फार पसरला आहे. पहिला इनक्युबेटर मानला जातो तो न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियाचा, १९५९ चा. बंद पडलेल्या कारखान्याची भली मोठी इमारत एका कुटुंबाने छोट्या उद्योगांना तुकड्यांनी भाड्याने दिली. त्यात एक कोंबड्यांची पिल्लं उबवणारा होता, त्यावरून नाव पडलं. त्या कुटुंबाने जागेबरोबर सल्ला आणि पैसा मिळवून देण्यात मदतही दिली. आजही इनक्युबेटर निवडताना एवढंच विचारा: माझ्या यंत्राचा हार्डवेअर प्रोटोटाइप बनवायला इथे मशीन आणि माणूस आहे का? फौंड्रीवाल्या मालकांना नावानिशी ओळखणारं कुणी आहे का? आणि इथल्या किती कंपन्यांनी पहिली विक्री केली?

बेंगळुरूला जावं लागत नाही. हुबळीला देशपांडे स्टार्टअप्स आहे, शंभरेक किलोमीटरवर, आणि केएलई तंत्रज्ञान विद्यापीठही तिथलंच. राज्य सरकारच्या 'बियाँड बेंगळुरू' कार्यक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक पट्टा धरला आहे. प्रोटोटाइपसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयासमधून १० लाखांपर्यंत मिळू शकतात. सीड फंडमधून प्रोटोटाइप आणि चाचणीला २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलणारे) कर्जरोखे. हे दोन्ही मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फतच येतं. कुठली योजना आणि फेरी सध्या चालू आहे ते त्या इनक्युबेटरला विचारून घ्या. कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट या स्टार्टअप योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान असतं, पण कंपनी कर्नाटकात नोंदलेली हवी.

इथे आपल्या भागातला खास प्रश्न येतो. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळा फौंड्रीचा पट्टा आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, आपलीच माणसं, आपलीच भाषा. कंपनी कुठे नोंदवायची? माझं स्पष्ट मत: राहता आणि शिकवता तिथेच, बेळगावात. राज्याच्या योजना नोंदणीचा पत्ता बघतात आणि तुमचं कॉलेज, चाचणीची फौंड्री, सगळं इथे आहे. कोल्हापूरला माल विकायला सीमा आड येत नाही, बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, इतकंच. कोल्हापूरचा मालक त्याची वजावट तशीच घेतो. पण कर्नाटकच्या योजनांच्या सादरीकरणाला विद्यार्थ्याबरोबर कन्नड नीट बोलणारं एक जण असू द्या. इंग्रजीत चालतं, तरी मधल्या कामांना, फोनला, दाखल्यांना कन्नड फार उपयोगी पडतं. तुमचा विद्यार्थी खानापूरचा आहे, त्याला दोन्ही भाषा येत असतील तर तो तिथेही तुमचा उजवा हात आहे.

नोकरी सोडायची का, हा प्रश्न तुम्ही शेवटी हळूच विचारला आहे. आता नको. आयआयटी मुंबईच्या इनक्युबेटरमधून २००७ साली उभी राहिलेली सेडेमॅक प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मिळून काढलेली. आज तिचे कंट्रोलर जनरेटर आणि दुचाकींमध्ये बसतात. प्राध्यापक असणं कंपनीच्या आड येत नाही. वही भरेपर्यंत नोकरी ठेवा, मग धोरणातली रजा मागा.

या आठवड्यात फक्त दोन कामं करा. प्रोव्हिजनल अर्जाचा मसुदा लिहून घ्या, त्यात पात्याच्या युक्तीची आकृती विद्यार्थ्याकडून काढून घ्या. अर्ज दाखल झाला की एका सकाळी पहिल्या पाळीच्या अर्धा तास आधी त्याला घेऊन सँड प्लांटवर जा. प्रोब पिशवीतच राहू द्या. तिथल्या मोल्डरला म्हणा, "मामा, मुठीनं कसं बघताय ते आम्हाला शिकवा," आणि त्याच्यासमोर तुम्ही दोघांनी वाळू हातात घ्या.